सासऱ्यांचा दम

माझे सासरे सानपाड्याला आमच्याकडे राहायला आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. मशीन टीव्हीच्या शेजारी ठेवलं आणि त्याची लांब नळी बेडरूमपर्यंत, संडासापर्यंत पोचेल अशी सोडली. बाल्कनीत मात्र ती पोचायची नाही. त्यामुळे ते बाल्कनीच्या दारातच खुर्ची टाकून बसायचे आणि खाली सोसायटीच्या गेटवर कोण आलं, कोण गेलं ते बघायचे. मशीनची घरघर दिवसभर चालू. सुरुवातीला माझं डोकं उठायचं. पुढे इतकी सवय झाली की लाइट जाऊन मशीन बंद पडलं की त्या शांततेनेच मी दचकायची.

फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कशामुळे, ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. सासऱ्यांनी तरुणपणी विड्या ओढल्या होत्या. उरण तालुक्यातल्या जासईला त्यांच्या घरासमोरून बंदराकडे जाणारे ट्रेलर दिवसरात्र धावतात, त्यांची धूळ अंगणात, ताटात, उशीवर. आणि वय होतंच. "कारण शोधत बसू नका," डॉक्टर म्हणाले, "आहे ते टिकवा."

टिकवायचं काम माझ्याकडे आलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. माझा नवरा द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. शिफ्ट बदलत राहतात, घरी येतो तो आडवाच होतो. मी घरात बसून भाषांतरं करते. वॉशिंग मशीन कसं वापरायचं, औषधाच्या खोक्यातला कागद, विम्याच्या अटी, जे येईल ते इंग्रजीतून मराठीत. "तू घरीच असतेस ना," असं सगळे म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

सासऱ्यांचं आणि माझं फार जुळलेलं होतं, असं मुळीच नाही. मी कराडकडची, माझा नवरा आगरी. आमच्या लग्नाला सासरे आले नव्हते. पुढे घरी जाणं-येणं सुरू झालं तरी कितीतरी वर्षं ते माझ्याशी सरळ बोलत नसत. मी समोर उभी असताना ते सासूबाईंना सांगायचे, "तिला सांग, च्या ठेव." सासूबाई गेल्यावर मध्ये सांगायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते माझ्याशी बोलू लागले. नावाने कधी हाक मारली नाही. "बाय" म्हणायचे. त्यांच्याकडे कुठल्याही बाईला बाय म्हणतात, तरी मला ते बरं वाटायचं.

आता मी त्यांची पाठ पुसत होते. आंघोळीने त्यांना धाप लागायची, म्हणून स्टुलावर बसवून ओल्या पंच्याने अंग पुसायचं. पाठ अजून रुंद होती, फक्त आतून कुणी काहीतरी काढून घेतल्यासारखी. पुसताना त्यांची हाडं हाताला लागायची.

आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. घरचे केरळचे, पण ती नेरूळमध्येच वाढलेली, त्यामुळे मराठी झपझप बोलायची. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायची, व्यायामाच्या तीन गोळ्यांच्या डबीच्या नळीतून श्वास ओढून त्या गोळ्या वर उचलायला लावायची, मग हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालवायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं,

"आजोबा, स्टॅमिना कसा वाटतो?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही काय इचारते?"

"ताकद कशी आहे, विचारतेय," मी म्हटलं.

"ताकद हाय." त्यांनी मूठ वळून दाखवली. मूठ खरंच मोठी होती.

"तशी ताकद नाही हो," ती हसत म्हणाली. "म्हणजे न थांबता किती चालू शकता, किती वेळ..." तिने हवेत हात फिरवला आणि तिला शब्द सापडला. "दम! आजोबा, दम आहे का तुमच्यात?"

सासरे खुर्चीत एकदम ताठ झाले. "कोनाला इचारतेस गो? माझ्यात दम हाय का?" आणि पुढचं बोलण्याआधीच खोकल्याची उबळ आली. ती मुलगी घाबरून त्यांची पाठ चोळायला लागली. खोकला थांबला तसे ते नळी नाकात नीट करत पुटपुटले, "आख्ख्या उरनला ठाव हाय माझा दम."

ते पाणी पीत होते तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "ताई, मी काही चुकीचं बोलले का?"

"दम लागतो का, असं विचार," मी म्हटलं. "दम आहे का म्हटलं की भांडण होतं."

"पण शब्द तोच ना?"

तोच होता. मी इतकी वर्षं शब्दांवर पोट भरते, पण याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. दम आहे म्हणजे माणूस टिकतो. दम लागला म्हणजे तोच माणूस आता टिकत नाही. दम असला तर चांगलं, लागला तर वाईट, दिला तर धमकी, धरला तर धीर, मारला तर चिलमीचा झुरका. त्या मुलीला हे सगळं सांगत बसले असते तर तिची पुढची व्हिजिट चुकली असती, म्हणून मी नुसतं "तोच" म्हणाले.

सासरे कबड्डी खेळायचे हे मला माहीत होतं, पण नवऱ्याच्या तोंडून. त्या दिवशी दुपारी ते स्वतःच बोलायला लागले. एक वाक्य, मग थांबायचं, मग दुसरं. गावच्या संघात ते चढाईला जायचे. चढाईचा गडी समोरच्यांच्या अंगणात शिरतो तो "कबड्डी कबड्डी" म्हणत. ते म्हणणं तुटता कामा नये. तोंडातून बाहेर पडणारा तो एक अखंड श्वास, त्यालाच ते दम म्हणत होते. दम तुटला की गडी बाद, मग त्याला कुणी शिवलेलं असो वा नसो.

"पन दम म्हंजे नुसता वारा नाय," ते म्हणाले. "सात जन धरून बसल्यात. पाय धरलाय, कंबर धरलीय. लाइन हिकडं हाय." त्यांनी पुढे हात केला. "बोट पोचत नाय. आन तोंडातून चालूच. कबड्डी, कबड्डी. तवा कलतो दम."

"मग पोचायचा का हात?"

"कवा कवा." ते हसले. हसण्यानेही त्यांना धाप लागली. मी मशीनवरचा काटा पाहिला, त्याच्या बाटलीतलं पाणी बदललं आणि भाजी निवडायला घेतली.

थोड्याच दिवसांनी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला एक काम आणलं. ती ज्या दवाखान्यात होती तिथे श्वासाच्या पेशंटसाठी माहितीपत्रक करायचं होतं: व्यायाम कसे करायचे, कधी थांबायचं, कधी फोन करायचा. इंग्रजीतलं तयार होतं. "तुम्ही करता ना ताई मराठी? तुम्हाला तर रोजचंच आहे हे." रोजचंच होतं. सासऱ्यांना जेवू घालून, ते झोपले की मी टेबलाशी बसायची. पत्रक चार पानांचं, सोपं. पण त्याच्या शीर्षकातच तो शब्द होता. स्टॅमिना वाढवा.

एरवी मी तो सरळ स्टॅमिनाच ठेवला असता. सगळे तसंच म्हणतात. पण ज्याच्यासाठी हे पत्रक त्याच्यासारखा माणूस माझ्या घरात होता आणि त्याला तो शब्द कळला नव्हता. म्हणून मी इंग्रजी आणि मराठी, दोन्ही जाड कोश काढले. कोश काढून बसणं ही माझी जुनी पळवाट आहे. कुकरची शिट्टी झाली, मशीन घरघरतंय, नवऱ्याचा डबा व्हायचाय, आणि मी एका शब्दाच्या मागे.

पहिल्यांदा इंग्रजी शब्दच पाहिला. तो लॅटिनमधून आलेला. मुळात मागावरचे उभे धागे. माणसाच्या आयुष्याचा धागा देवता काततात, जेवढा धागा तेवढं आयुष्य, अशी त्या लोकांची कल्पना. तिथून टिकण्याचा अर्थ आला. आमच्याकडचा दम फारसीतून आलेला. तिथे दम म्हणजे श्वास, आणि श्वास घ्यायला लागतो तेवढा क्षणही. म्हणजे त्यांनी टिकणं धाग्यावर मोजलं, आपण श्वासावर. दमा त्याच घरातला. बेदम म्हणजे श्वास जाईपर्यंत. हांडीचं तोंड कणकेने बंद करून वाफ कोंडतात तो बिर्याणीचा दमही तोच. सानपाडा स्टेशनबाहेर त्या बिर्याणीच्या पाट्या मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. आणि गवयाच्या आवाजाच्या टिकण्याला आपण दमसास म्हणतो, त्यात तर अर्धा फारसी श्वास आणि अर्धा आपला, संस्कृतातून घासत आलेला सास. दोन्हीचा अर्थ एकच. एका श्वासाने भागेना म्हणून लोकांनी दोन जोडले असावेत.

मग मी दमणे पाहिलं. मला वाटत होतं, दम संपला की माणूस दमतो, सरळ आहे. पण कोशात त्याची वाट निराळीच निघाली. दमणे संस्कृताकडे जात होतं, दम् म्हणजे काबूत आणणे, त्या धातूकडे. दमन त्यातलंच. शम-दम म्हणतात, मन आवरणं, तो दमही त्यातलाच. नांगराला अजून न जुंपलेल्या, वठणीवर आणायच्या खोंडाला संस्कृतात दम्य म्हणतात. म्हणजे दमलेला माणूस हा श्वास संपलेला नव्हे, तो माणसाळवलेला. जू मानेवर घ्यायला शिकलेला. दोन शब्द दोन मुलखांतून आले आणि मराठीत एकमेकांना इतके चिकटले की आता वेगळे काढता येत नाहीत.

मी पेन ठेवलं.  विद्वान माणसं हे वेगळंही सांगतील, दोन्ही शब्द मागे कुठेतरी मिसळले असं म्हणतील. मला त्यातलं फार कळत नाही. पण त्या दुपारी मला ते पटलं. मला धाप लागत नव्हती. माझा श्वास व्यवस्थित चालू होता, जिना चढू शकत होते, ऑक्सिजनचा चिमटा लावला असता तर आकडा उत्तमच आला असता. आणि तरीही मी दमले होते.

तग, नेट, कस, चिकाटी, धमक, सगळे शब्द मी कागदावर लावून पाहिले. तग चांगला होता, पण तो वस्तूलाही लागतो. चप्पलसुद्धा तग धरते. कस म्हणजे सोन्याची परीक्षा. चिकाटी मनाची. शेवटी मी शीर्षक लिहिलं, दम वाढवा, आणि आत जिथे जिथे तो शब्द होता तिथे दम असाच ठेवला.

दवाखान्यातून एका मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता. "काम छान झालंय, पण तेवढं दम काढा ना. दम म्हणजे दमदाटी वाटतं. आणि दम्याचे पेशंट वाचणार, त्यांना वाटेल दमाच वाढवा म्हणतायत."

हे दुसरं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हसले. "मग तग धरण्याची शक्ती?"

"लांब होतं. फॉर्मल काहीतरी द्या ना. सहनशक्ती कसं वाटतं?"

सहनशक्ती वेगळी, असं मी सांगू लागले. त्याच वेळी आतून सासऱ्यांनी हाक मारली, नळी खुर्चीच्या पायात अडकली होती. मी फोन कानाला धरूनच वाकून ती सोडवली आणि म्हटलं, "चालेल. सहनशक्ती करा."

पत्रक छापून आलं. गुळगुळीत कागद, वर डोंगर चढणाऱ्या गोऱ्या माणसाचं चित्र. त्या मुलीने कौतुकाने सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर जोडत वाचलं, "स-हन-शक्ती वाढवा." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ह्ये तू लिवलंस?"

"हो."

"सहन कराची शक्ती?" त्यांनी पत्रक टीपॉयवर ठेवलं. "ती मना कशाला? मी कवा काय सहन केलं? ती तुला दे."

ती मुलगी हसली. त्यांनी ते टोमण्याने म्हटलं नव्हतं, विनोदानेही नाही. काहीतरी बघून झाल्यावर सांगावं तसं म्हणाले आणि तीन गोळ्यांची डबी उचलून श्वास ओढायला लागले. मी चहा टाकायला आत गेले.

थंडी सुरू झाली तेव्हा जासईहून निरोप आला. गावच्या मंडळाचे कबड्डीचे सामने होते आणि जुन्या खेळाडूंना शाल-नारळ द्यायचं ठरलं होतं. सासरे जायचंच म्हणाले. नवरा नको म्हणाला: धूळ, गर्दी, मशीन तिथे कसं न्यायचं. फिजिओथेरपिस्ट मुलीने मार्ग काढला. चाकाच्या गाड्यावरचा छोटा सिलिंडर आणून दिला, काटा कुठे ठेवायचा, कधी बदलायचं, मला दोनदा करून दाखवलं. नवऱ्याने सुट्टी टाकली. गाडी केली. सासऱ्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून मागितला.

दुपार कलताना सामने सुरू होणार होते. मैदान म्हणजे शेताची उरलेली एक पट्टी. पलीकडे कंटेनर एकावर एक रचलेले, लाल, निळे, गंजलेले. मातीवर पाणी मारलेलं होतं, तरी धूळ होतीच. सासरे पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या वयाचे दोघेतिघे होते. एकमेकांना बघून त्यांनी मान हलवली, त्यात कितीतरी वर्षांचं बोलणं झालं असावं. शाल झाली, नारळ झाला. मग मंडळाच्या एका कार्यकर्त्याने माईकवरून जाहीर केलं की पहिली चढाई मानाची, आणि ती आपले हे जुने खेळाडू करतील. नुसतं मध्यरेषेपर्यंत जायचं, परत यायचं, फोटोपुरतं.

"नाही," मी म्हटलं. नवराही उठला. पण सासरे आधीच उभे होते. त्यांनी चपला काढल्या. मग डोक्यावरून नळी काढली आणि माझ्या हातात दिली.

"बाबा, नळी राहू द्या. मी गाडा घेऊन येते बरोबर."

"येडी का काय? चढाईला कोनी नलकांडी घेऊन जातो?"

ते मैदानात शिरण्याआधी वाकले, मातीला हात लावला, हात कपाळाला लावला. समोरच्या बाजूला सात तरणी पोरं हात पसरून उभी होती, हसत नव्हती. सासरे मध्यरेषेपर्यंत गेले आणि रेषा ओलांडली. हे ठरलेलं नव्हतं. एक पाय, मग दुसरा. "कबड्डी," ते म्हणाले. आवाज मला ओळखू आला नाही, तो जाड होता, खालून आलेला. "कबड्डी. कबड्..."

तिथेच तुटलं. ते उभे राहिले, तोंड उघडं, खांदे वरखाली. मी सिलिंडरचा गाडा ओढत धावले. लोक टाळ्या वाजवायला लागले होते. पंच हसून म्हणाला, "वा आज्या, पॉइंट तुमचा!"

सासऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांना बोलता येत नव्हतं. माझ्या हातातली नळी त्यांनी लावून घेतली, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "दम गेला. बाद."

"अहो, मानाची चढाई आहे ही. तिच्यात कसलं बाद?"

"दम गेला का गडी बाद." पुन्हा एक श्वास. "मानाचा आसो का बिनमानाचा."

टाळ्या थांबल्या. सासरे पहिल्या रांगेतल्या त्यांच्या खुर्चीकडे गेले नाहीत. मैदानाच्या कडेला, बाद झालेले खेळाडू बसतात त्या जागी ते मातीत बसले, मांडी घालून, पांढऱ्या शर्टात. मी गाडा त्यांच्याजवळ उभा केला आणि शेजारी उभी राहिले.  मग मी पण बसले. त्यांच्या ओठांचा रंग हळूहळू परत येत होता. चिमटा बोटाला लावून आकडा वर सरकताना बघत होते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येताना दिसलं. ते त्यांनी पुसलं नाही. धूळ होती, कुणाला काही वाटलं नसतं.

सामना सुरू झाला. गावच्या संघाचा एक गडी चढाईला गेला आणि समोरच्या एकाला शिवून आला. कबड्डीत आपल्या माणसाने गुण मिळवला की बाद झालेला एक गडी परत खेळात येतो; गावात त्याला जिवंत होणं म्हणतात. तो चढाईचा पोरगा धापा टाकत कडेला आला आणि ओरडला, "आज्या, उठ! जिता झालास!"

सगळे हसले, सासरेही. पण उठले नाहीत. "मना नको," ते म्हणाले, "दुसऱ्याला घे."  तो पोरगा मान हलवून परत गेला.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या जुन्या घरी टेकलो. तिथे माझे धाकटे दीर आणि जाऊ राहतात. सिलिंडर अर्ध्याखाली आला होता, निघायला हवं होतं. सासरे ओट्यावर भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मी येत नाय."

नवरा चिडला. "बाबा, इथली धूळ बघता ना? डॉक्टरांनी काय सांगितलंय? लाइट गेली तर मशीन कशावर चालवणार?"

"इन्व्हर्टर हाय," दीर म्हणाला.

"तीन तास टिकतो तो!"

"मोठा घेऊ मग."

दोघा भावांचं चाललं होतं. जाऊ माझ्या जवळ येऊन म्हणाली, "वयनी, आमी बघू त्यांना. तुमी लय केलंत." नवरा माझ्याकडे वळला. "तू सांग. तुझं ऐकतात ते."

मला आठवतं, सगळे माझ्याकडे बघत होते, सासरे सोडून. ते रस्त्याकडे बघत होते. ट्रेलर जात होता आणि त्याच्या दिव्यात धूळ दिसत होती. डॉक्टरांचं बरोबर होतं, नवऱ्याचं बरोबर होतं. सानपाड्याला हवा जरा बरी होती, दवाखाना जवळ होता.

"राहू दे त्यांना इथे," मी म्हटलं.

त्यांच्यासाठी म्हटलं की माझ्यासाठी, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. दोन्ही असेल. दोन्हीतलं कुठलं आधी आलं, ते मला सांगता येत नाही, आणि आता शोधत बसण्याइतकी उमेदही नाही. रात्रीपुरता भरलेला सिलिंडर दिराने उरणहून आणला, मगच आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने स्वतः मशीन खाली नेलं, टेम्पोत चढवलं. त्याच्या हातात नळीची गुंडाळी होती. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी फरशीवर मशीनचा चौकोन उमटून राहिला होता. मी तो पुसला नाही, कामवालीने पुसला.

त्यानंतर मी बरेच दिवस झोपले. दिवसा झोपायचे. जेवण करायचं, दोन पानं भाषांतर करायचं, आडवं व्हायचं. उठलं की पुन्हा आडवं व्हावंसं वाटायचं. मला वाटलं होतं, ओझं उतरलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. थकवा सगळा त्यांच्या सेवेचा नव्हताच बहुतेक, त्याच्याही आधीचा साठलेला होता. बैल जू काढल्यावर लगेच उड्या मारत नाही. मानेवर जू नाही हे त्याला बराच वेळ कळतच नसावं.

आता रविवारी मी जासईला जाते. सासऱ्यांचा दम कमी होतोय. आधी ओट्यावरून फाटकापर्यंत जायचे, आता ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. फोनवर दोनच शब्द बोलतात. पण खिडकीला जावेने ओली चादर लावली आहे, इन्व्हर्टर मोठा आला आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ओट्याशी थांबून त्यांना हाक मारतो. 

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ते झोपले होते. म्हणून मी त्यांच्या खाटेशेजारी चटईवर जरा टेकले आणि मला केव्हा डोळा लागला कळलं नाही. अर्धवट झोपेत आवाज ऐकू आले. जाऊ मला उठवत होती, जेवायला वाढलं होतं. आणि सासऱ्यांचा आवाज, एकेक शब्द तोडत, "नको उठवू तिला. दमलीय ती. निजू दे."

मी डोळे उघडले नाहीत. ते ऐकल्यावर उठणं शक्यच नव्हतं.

उठले तेव्हा ओट्यावरचं ऊन गेलं होतं. भात गार झाला होता, माशाचं कालवण जावेने पुन्हा गरम केलं. सासरे उशीला टेकून बसले होते. "झाली निज?" त्यांनी विचारलं. "झाली," मी म्हटलं. झाली नव्हती. मग मी हात धुऊन त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही व्यायाम सुरू केले: नाकाने आत, ओठ मुडपून हळू बाहेर. त्यांचा श्वास माझ्याआधीच संपायचा. मग ते थांबून मला खूण करायचे की तू कर, आणि माझा संपेपर्यंत बघत राहायचे.